हिवाळ्यातलं दुब्रोव्हनिक

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर वसलेल्या दुब्रोव्हनिकला उन्हाळ्यात जाऊन आलेली माणसं सगळ्यात आधी गर्दीबद्दल बोलतात. क्रूझ जहाजं लागली की तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांमध्ये पाऊल ठेवायला जागा उरत नाही. गर्दी इतकी हाताबाहेर गेली की २०१९ पासून शहरानं एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि जास्तीत जास्त चार हजार प्रवासी, असा नियम केला. आम्ही दोघं जानेवारीच्या शेवटी गेलो, आणि ठरवून गेलो. ३ फेब्रुवारीला शहराच्या रक्षणकर्त्या संत व्लाहोचा सण असतो. तो गाठायचा होता, आणि त्याआधी शहर नुसतं राहतं कसं तेही बघायचं होतं.

हिवाळ्यात बाहेरून थेट विमानं फारशी नसतात, म्हणून झाग्रेबमार्गे गेलो. विमानतळावरून शहरात येणाऱ्या बसमध्ये डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. डोंगराच्या कुशीतून रस्ता वळतो आणि खाली अचानक पाण्यात घुसलेलं, चारही बाजूंनी तटाने वेढलेलं ते गाव दिसतं. फोटोंत शंभर वेळा पाहिलं असलं तरी त्या वळणावर बोलणं थांबतं.

पिले दरवाजावर संत व्लाहोची मूर्ती आहे. एका हातात अख्खं शहर घेऊन उभा असलेला दाढीवाला म्हातारा बिशप. त्याच्याखालून आत शिरलं की स्त्रादुन, म्हणजे गावाचा मुख्य रस्ता. तीनएकशे मीटर लांब, चुनखडीच्या फरश्यांचा. शेकडो वर्षांच्या पावलांनी त्या फरश्यांना अशी झिलई आली आहे की पाऊस पडून गेल्यावर दिव्यांची पूर्ण प्रतिबिंबं त्यात उमटतात. दोन्ही बाजूची घरं एकाच उंचीची आणि एकाच घडणीची. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं, हजारो माणसं गेली, आणि पुन्हा बांधताना सगळ्यांना एकच नमुना ठरवून दिला. तळमजल्यावर दुकान, त्याचं दार आणि खिडकी एकाच कमानीत, आणि खिडकीच्या दगडी कट्ट्यावरून माल द्यायचा. जानेवारीत यातली बरीच दुकानं बंद असतात, हिरव्या झडपा लावलेल्या. त्यामुळेच घरांची रचना नीट न्याहाळता येते.

आमची खोली उत्तरेकडच्या उंच पायऱ्यांच्या गल्लीत होती. मालकीणबाई सत्तरीपुढच्या, इंग्रजी मोजकं पण नेमकं. आम्ही त्यांना पहिल्याच संध्याकाळी आजी म्हणायला लागलो, आणि या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "उन्हाळ्यात मला माझ्याच दारात लोकांकडे वाट मागावी लागते. आता या दिवसांत तुम्हाला माझे शेजारी दिसतील." शेजारीही आता थोडेच उरलेत. १९९१ साली तटाच्या आत पाचेक हजार लोक राहत होते, आज दीड हजारांच्या आसपास. घरं पर्यटकांना भाड्यानं दिली की पैसा जास्त मिळतो, मग कुटुंबं तटाबाहेर राहायला जातात. संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. तेव्हा गल्लीत उभं राहून वर पाहिलं की कुठल्या घरात खरंच कोणी राहतं ते उजेडावरून कळतं.

तटबंदीवरून चालायला आम्ही बुरा वाहत असतानाच गेलो. बुरा म्हणजे ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा, थंड वारा. तो आला की आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि डोक्यावरची टोपी हातानं धरून ठेवावी लागते. हिवाळ्यात तिकीट उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी, पण फेरी दुपारीच बंद होते, तेव्हा सकाळी वर चढावं. तटाची एकूण लांबी १९४० मीटर. एवढ्या वाटेवर आम्हाला भेटलेली माणसं सहज मोजता आली असती. वरून गावाचा संसार दिसतो: वाळत घातलेले कपडे, लिंबानं लगडलेली झाडं, कोबीचे चार वाफे, आणि मिन्चेता बुरुजाच्या पायथ्याशी बास्केटबॉलचं मैदान, जिथे शाळा सुटलेली मुलं आरडाओरडा करत खेळत होती.

आणि छपरं. वरून पाहिल्यावर कौलांचे दोन रंग सरळ वेगळे दिसतात. फिकट, पिवळसर, डागाळलेली कौलं जुनी आहेत. तांबडी, एकसारखी कौलं १९९१ नंतरची. क्रोएशिया युगोस्लावियातून वेगळा व्हायला निघाला, तेव्हा ऑक्टोबर १९९१ मध्ये युगोस्लाव लष्करानं शहराला वेढा घातला. पाणी आणि वीज तोडली. ६ डिसेंबरला, ऐन हिवाळ्यात, जुन्या शहरावर सगळ्यात भीषण तोफमारा झाला. हे शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ वर गोळे पडले. तटावर उभं राहून तांबडी कौलं शोधायला लागलात की थोड्याच वेळात लक्षात येतं, शोधायची आहेत ती जुनी कौलं. ती कमी आहेत.

आजींना मी त्याबद्दल विचारलं नव्हतं. छपरांचा विषय निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या, "त्या हिवाळ्यात पावसाचं पाणी बादलीत धरायचो. मुलं धुतली की त्याच पाण्यानं फरशी पुसायची." स्पोंझा वाड्याच्या तळमजल्यावर त्या युद्धात गेलेल्यांचे फोटो लावलेली खोली आहे. बहुतेक चेहरे विशी-पंचविशीचे. तिथे आम्ही गेलो तेव्हा एक बाई एकाच फोटोसमोर उभी होती. आम्ही पुढे न जाता बाहेर आलो.

हिवाळ्यात काय मिळत नाही तेही सांगते. समोरच्या लोक्रुम बेटावर जाणारी होडी बंद असते. ४१२ मीटर उंचीच्या स्र्ज डोंगरावर जाणारा रोपवे दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून नागमोडी पायवाटेनं चढलो; दम लागतो, पण जमतं. अर्ध्याहून जास्त उपाहारगृहं मार्चपर्यंत कुलूपबंद. जी उघडी असतात तिथे गावातलीच माणसं जेवतात, आणि कोबी व धुरावलेल्या मांसाचा 'झेलेना मेनेस्त्रा' नावाचा रस्सा मिळतो. तो उन्हाळ्यात मागूही नका, तो थंडीचाच आहे. सकाळी गुंदुलिच चौकातल्या छोट्या मंडईत संत्री, सुके अंजीर आणि साखरेत घोळवलेल्या कडू संत्र्याच्या साली घेऊन शेतकरी बायका बसतात. त्या साली मी एवढ्या घेतल्या की बॅगेचं वजन वाढलं.

मग बुरा पडला आणि युगो सुरू झाला. हा आग्नेयेचा दमट वारा; आभाळ खाली येतं, लाटा तटावर आपटतात, फरशीतून ओल सुटते. सांगतात की जुन्या प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, कारण माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. अशा दिवशी आम्ही राजवाडा पाहिला, आणि योगायोगानं तारीख होती ३१ जानेवारी. १८०८ साली याच तारखेला नेपोलियनचा सेनानी मार्माँ यानं दुब्रोव्हनिकचं, तेव्हाच्या रागुसाचं, प्रजासत्ताक बरखास्त केलं.

त्याआधी साडेचारशे वर्षं हे इवलंसं राज्य टिकलं होतं. ते कसं, हे या राजवाड्यात कळतं. राज्यप्रमुख, म्हणजे क्नेझ, फक्त एका महिन्यासाठी निवडला जाई. तो महिना त्यानं याच वाड्यात राहायचं, राज्याच्या कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय: खाजगी गोष्टी विसरा, सार्वजनिक गोष्टी सांभाळा. सत्ता उमरावांचीच होती, सामान्य माणसाला मत नव्हतं, हे विसरता कामा नये. पण एका माणसाच्या हाती सत्ता साचू द्यायची नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तुर्की सुलतानाला दरसाल १२,५०० सोन्याची नाणी खंडणी द्यायची, पोपशीही सलोखा ठेवायचा, व्हेनिसवर सतत नजर ठेवायची आणि जहाजं चालवायची. १४१६ मध्ये त्यांनी आपल्या हद्दीत गुलामांचा व्यापार बंद केला. पिले दरवाजाबाहेर कड्यावर लोव्रियेनात्स किल्ला आहे, त्याच्या दारावर लिहिलंय की सगळं सोनं दिलं तरी स्वातंत्र्य विकणं हा चांगला सौदा नाही. खंडणी देणाऱ्यांनी हे लिहावं यात मला विसंगती वाटत नाही. काय विकायचं आणि काय नाही, याचा हिशेब त्यांच्याइतका कोणी मांडला नसेल.

प्लोचे दरवाजाबाहेर समुद्राला लागून लाझारेती नावाच्या दगडी इमारतींची रांग आहे. बहुतेक प्रवासी तिच्यावरून सरळ पुढे जातात; आम्ही मात्र तिथे दोनदा गेलो. २७ जुलै १३७७ रोजी इथल्या महापरिषदेनं ठराव केला की प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्यानं म्र्कान बेटावर किंवा जवळच्या त्सावतात गावी ३० दिवस काढल्याशिवाय शहरात पाऊल ठेवायचं नाही. विलगीकरणाचा कायदा करणाऱ्या जगातल्या पहिल्या शहरांत याचं नाव येतं. यातलं शहाणपण असं की त्यांनी बंदर बंद केलं नाही. व्यापारावर पोट होतं. जहाजं येऊ दिली, फक्त थांबवून ठेवली. आताच्या इमारती नंतरच्या, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुऱ्या झालेल्या. आपणही अलीकडेच दारं लावून घरात बसलो होतो, त्यामुळे त्या अंगणात उभं राहिल्यावर सहाशे वर्षं फार लांबची वाटली नाहीत.

२ फेब्रुवारीला गाव बदललं. खिडक्यांतून झेंडे आणि गालिचे लोंबायला लागले, झडपा उघडल्या, तटाबाहेर राहायला गेलेली कुटुंबं परत आली. संत व्लाहोच्या देवळासमोर पांढरी कबुतरं सोडली, ध्वज चढला. या दिवशी कान्देलोरा, म्हणजे मेणबत्त्यांचा सण असतो, आणि इथे एक म्हण आहे: कान्देलोरा आला, थंडी गेली, मागून व्लाहो येतो आणि म्हणतो, खोटं आहे. यंदा व्लाहोचंच खरं ठरलं, दुसऱ्या दिवशी बुरा पुन्हा कडाडून सुटला.

हा सण ९७२ पासून चालत आल्याचं मानतात. आख्यायिका अशी: व्हेनिसची जहाजं पाणी-रसद भरण्याच्या निमित्तानं बाहेर नांगरून होती. रात्री स्तोइको नावाच्या धर्मगुरूला व्लाहोनं दर्शन देऊन सांगितलं की हल्ला होणार आहे. वेशी लावल्या गेल्या, शहर वाचलं. व्लाहो मूळचा आर्मेनियातल्या सेबास्तेचा बिशप. एका मुलाच्या घशात अडकलेला माशाचा काटा त्यानं काढला अशी कथा आहे, म्हणून या दिवसांत दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याला लावून धर्मगुरू आशीर्वाद देतात. रांगेत नातवंडं होती, कामावरून आलेले पोलीस होते, आम्हीही होतो.

३ तारखेला सकाळी कोनाव्ले आणि आसपासच्या गावांतून बार्याक्तारी आले, म्हणजे आपापल्या गावाचा प्रचंड झेंडा घेऊन येणारे. देवळासमोर एकेक जण झेंडा जमिनीलगत फिरवून पुन्हा उभा करतो. त्या वाऱ्यात हे करायला मनगटात काय ताकद लागत असेल! बायका भरतकामाच्या कोनाव्ले पोशाखात. तटाबाहेर जुन्या बंदुकांचे बार उडत होते. मग सोन्या-चांदीत मढवलेले संताचे अवशेष छत्राखाली घेऊन मिरवणूक स्त्रादुनवर आली. लोक पुढे होऊन हात लावत होते, लहान मुलांना उचलून टेकवत होते. आमच्याकडे पालखीला खांदा द्यायला जशी धडपड होते, तशीच ही. पुढे देवळात व्लाहोची चांदीची मूर्ती जवळून पाहिली. तिच्या हातातलं शहर १६६७ च्या भूकंपाआधीचं आहे. पडलेले मनोरे आणि घरं आता फक्त त्या हातावर शाबूत आहेत.

दुपारी आजींनी घरी जेवायला बोलावलं. मुलगा, सून आणि नातवंडं तटाबाहेरून आली होती. या दिवशी श्पोर्की माकारुली करतात: तासन् तास शिजवलेल्या मांसाच्या रश्श्यात मुरलेली मॅकरोनी, दालचिनीच्या वासाची. मालक मांस खायचे आणि नोकरांच्या वाट्याला तो रस्सा यायचा, त्यातून हा पदार्थ झाला म्हणतात. दालचिनीवरून गाडी हिंदुस्थानावर आली आणि मी माझं माहेर सांगितलं: गोव्यात, कुंभारजुव्याला. पलीकडच्या गवंडाळीत सांव ब्राझचं चर्च आहे. सांव ब्राझ म्हणजेच व्लाहो. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या रागुसाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी त्या चर्चचा संबंध जोडतात. इतिहासकारांत त्यावर वाद आहेत, पण इथे दुब्रोव्हनिकमध्ये ते ठाऊक आहे. आजींच्या मुलाला गोव्याचं नाव लगेच कळलं.

आजींनी चमचा खाली ठेवला. "तुमच्याकडच्या व्लाहोच्या हातात काय आहे? शहर आहे का?"

मला सांगता येईना, त्या चर्चवरून माझं नुसतं जाणं-येणं. टेबलावरूनच भावाला फोन लावला. कुंभारजुव्यात तेव्हा संध्याकाळ झाली होती. म्हणाला, "उद्या सकाळी जातो गो ताई, फोटो काढून पाठवतो." आजींनी कागदावर आपला नंबर मोठ्या आकड्यांत लिहून माझ्या हातात दिला आणि बजावलं, तुमच्याकडे फोटो आला की आधी मला पाठवायचा, मग जेवायचं.