मध्यान्हानंतर

माझा जन्म तान्ह्या पोळ्याचा, असं आई सांगायची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख विचारली, तर वडील म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे जी." एवढ्यावर रजिस्टरचं भागत नाही, म्हणून मास्तरांनी १ जून १९६८ लिहून टाकलं. माझ्या पिढीतली इतकी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली, हे कोडं कुठल्याही सरकारी ऑफिसच्या ज्येष्ठता यादीत बघायला मिळेल. अठ्ठावन्न ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असला तर मात्र आधीच्याच महिन्याच्या शेवटी. त्यामुळे ३१ मेच्या आसपास गावात शाल मिळाली तर नारळ मिळत नाही. मास्तरांनी वडिलांचं ऐकलं असतं, तर मी ऑगस्टअखेरपर्यंत खुर्चीवर असतो. आमचा शिपाई माझ्याच वयाचा, पण गट-ड ला साठ वर्षं. म्हणजे मला निरोप देऊन तो आणखी दोन वर्षं तिथेच. परवा म्हणाला, "साहेब, काही काळजी करू नका, मी हाव ना इथं."

आदेश हातात आला आहे. 'दिनांक ३१ मे २०२६ रोजी (म.नं.) नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त.' म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर. ही अक्षरं मी चौतीस वर्षांत किती जणांच्या आदेशात टाकली असतील, पण ती वाचण्यासारखी आहेत असं कधी वाटलं नव्हतं. त्यात यंदा ३१ मे रविवारी येतो. म्हणजे हार-तुरे, फोटो, 'उर्वरित आयुष्य सुखसमाधानाचं जावो' हे सगळं शुक्रवारीच उरकणार, आणि प्रत्यक्ष निवृत्ती रविवारी दुपारी, घरी. त्या वेळी मी बहुधा झोपलेला असेन.

आस्थापना शाखेत असल्यामुळे दुसऱ्यांना निवृत्त करण्याचा मला भरपूर अनुभव. सेवापुस्तक पडताळणी पथकाकडून तपासून आणायचं, ना-देय प्रमाणपत्रं गोळा करायची, प्रकरण नागपूरला महालेखापालांकडे धाडायचं, त्रुटी निघाली की पुन्हा धाडायचं. लोक सर्वांत जास्त अडतात ते अंशराशीकरणाच्या रकान्यापाशी. पेन्शनीचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे, तो भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो. म्हणजे आपण पंधरा वर्षं टिकणार का, याचा हिशेब. एकानं तर फॉर्म माझ्यासमोर सरकवून विचारलं होतं, "साहेब, मला बघून तुम्हाला काय वाटतं?"

शिवाय नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "काका, थोडं हसा." बायको म्हणाली, "पेन्शनचा आहे, हसलेला चालतो का?" नियमात तसं काही नाही, पण मीही हसलो नाही.

इतके नमुने, इतक्या प्रती. पण दुपारी अडीच वाजता तुम्ही काय करणार, असं विचारणारा रकाना एकाही नमुन्यात नाही.

हा प्रश्न मला आमच्या एका जुन्या साहेबांमुळे पडला. निवृत्त झाल्यावर ते दर सोमवारी ऑफिसात यायचे, पेन्शनचं काय झालं विचारायला. पेन्शन केव्हाच सुरू झाली होती. पण साडेअकराला ऑफिसात चहा येतो आणि कुणीतरी हाक मारून तो पुढे करतं, त्यासाठी ते यायचे. सुरुवातीला मी त्यांना खुर्ची द्यायचो. मग स्टूल. मग ते दारात दिसले की मी फोन कानाला लावायचो. फोनवर पलीकडे कुणी नसायचं. नंतर त्यांचं येणं थांबलं. त्याबद्दल मी कुणाशी बोललेलो नाही.

तसं आमच्या वर्धा जिल्ह्यात म्हातारपणाचं माप जरा अडचणीचंच. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. तेव्हा ते शेगाव नावाचं साधं खेडं. ज्या वयात आमच्याकडची माणसं बाल्कनीला जाळी बसवतात, त्या वयात या माणसानं नवीन गाव वसवायला घेतलं. बापू कुटी बघून परत येताना मी नेहमी थोडा खजील असतो. मग आर्वी नाक्यावर चहा घेतला की बरं वाटतं.

तर मी तालीम करायची ठरवली. अर्जित रजा तीनशे दिवसांच्या वर साठत नाही आणि दर जानेवारी-जुलैला पंधरा दिवस येऊन पडतात, तेव्हा माझी काही रजा नाहीतरी वाया जातच होती. मार्चअखेरची धावपळ संपल्यावर एप्रिलात दहा दिवस घरी राहिलो. हौस म्हणून नाही, सराव म्हणून.

विदर्भातली एप्रिलची दुपार काय असते ते मला ठाऊक होतं, पण ऑफिसच्या खिडकीतून. आमच्या घराची दुपार मी सलग अशी कधी पाहिलीच नव्हती. दोन वाजता गल्ली निर्मनुष्य होते. भंगारवाला एकदाच ओरडून जातो, तोही मनाविरुद्ध. कूलरच्या वाळ्याचा वास हळूहळू मधल्या खोलीपर्यंत येतो. अडीचला मागच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा थेट मिक्सरवर पडतो. बायको पाऊण तास झोपते, उठून पेपरातलं शब्दकोडं सोडवते, तेही पेनानं. साडेतीनला शेजारच्या वहिनी मागच्या दारानं येतात. पहिल्या दिवशी मी पण त्यांच्यात जाऊन बसलो, तर दोघी एकदम कुरडयांच्या गव्हाबद्दल बोलायला लागल्या, फार जपून. ऑडिट पार्टी आल्यावर आम्ही जसे बोलतो तसं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. अनुक्रमांक टाकून. रात्री त्या निघालेल्या होत्या.

"मला माहीत आहे कशात काय आहे ते," ती म्हणाली.

"पण तू कुठे गेलीस तर मला कसं कळणार?"

ती जरा थांबली. "हळद पिवळी असते," म्हणाली.

मग मी रीतसर मागणी केली की निदान घराचा चार्ज तरी समजावून दे. यादी कर, मी सही करतो. त्यावर ती म्हणाली, "चार्ज मिळणार नाही. मी अजून सेवेत आहे. आणि दोन ते चार मी घरात नाही असं समजायचं."

मला वाटलं होतं, वेळ जाणार नाही ही अडचण असेल. वेळ जातो. वेळेला आपली गरज नसते. खरी अडचण फोनची निघाली. रजेच्या पहिल्या दिवशी ऑफिसातून सहा फोन आले, "साहेब, हे कुठल्या नियमात बसतं?" मी चिडचिड करत सांगितलं आणि मनातून खूश होतो. दुसऱ्या दिवशी दोन आले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. फोन बंद पडलाय का म्हणून मी बायकोच्या फोनवरून लावून पाहिला. चौथ्या दिवशी न राहवून मीच ऑफिसात फोन केला. माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा म्हणाला, "झालं ते साहेब, तुम्ही आराम करा." इतक्या प्रेमानं म्हणाला की रागवायलाही जागा ठेवली नाही. त्याच्या मागे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता, कपबशा वाजत होत्या. घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

पाचव्या दिवसापासून मी काही केलं नाही. चिठ्ठ्या नाहीत, फोन नाही. पुढच्या खोलीत आडवा होऊन उन्हाचा पट्टा मिक्सरवरून डब्यांवर आणि डब्यांवरून भिंतीवर जाताना पाहिला. सातव्या दिवशी कोड्यात आडवा शब्द अडला तेव्हा आतून हाक आली, "अहो, 'कामातून मोकळा', पाच अक्षरी?"

"कार्यमुक्त," मी म्हणालो. चारच अक्षरं झाली. बसला नाही. पण विचारलं तर होतं.

काल सहज म्हणालो, ३१ला रविवारी दुपारी मी नेमका किती वाजता निवृत्त होईन कोण जाणे. त्या वेळी जागं राहायला हवं असं वाटतं.

"काहून जागं राहायचं?" ती कोड्यातून वर न बघता म्हणाली. "झोपा. उठाल तोवर झालेलं असेल. आणि उठल्यावर कूलरमध्ये पाणी टाका, चारच्या आत."