आमची वाटचाल: एकक लिहायचं राहून गेलं तेव्हा

आम्ही तिघं. सुरुवातीची बरीच वर्षं आमचं काम एकच होतं: एका प्रकारची नकाशाची फाइल घ्यायची आणि दुसऱ्या प्रकारात करून द्यायची. सर्वेक्षणवाले शेपफाइल पाठवायचे, वेबसाइटवाल्यांना जिओजेसन लागायचं, उपग्रहाची चित्रं जिओटिफमध्ये यायची. या सगळ्याच्या बुडाशी जीडॅल ही अशा फाइली वाचणारी-लिहिणारी मुक्त लायब्ररी. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली ती लिहायला घेतली. आमचा सगळा धंदा तिच्यावरच उभा राहिला, हे कृतज्ञतेने सांगायलाच हवं.

मग ग्राहक विचारू लागले, "ही फाइल सरळ एआय सहायकाला देऊन प्रश्न विचारता येतील का?" २०२४ च्या नोव्हेंबरात मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर झाला आणि बाहेरची टूल्स सहायकाला जोडायची एक सामाईक पद्धत हाती आली. आम्ही टूल बांधलं. फाइल उघडायची, आत कोणते थर आहेत, कोणते रकाने, किती आकृत्या, त्यांचं क्षेत्रफळ किती, ते सांगायचं. कोड लवकर झाला. डॉक्युमेंटेशन मात्र शेवटच्या दुपारी उरकलं. सहायकाला दिसणारं वर्णन एवढंच होतं: "भौगोलिक फाइल वाचून आकृत्यांची माहिती देते."

एका ग्राहकाने तलावांची फाइल देऊन त्यातल्या एकाचं क्षेत्रफळ विचारलं. उत्तर आलं, ०.०००४ चौरस किलोमीटर. म्हणजे ४०० चौरस मीटर. ग्राहकाने तो तलाव डोळ्यांनी पाहिलेला. या काठावरून पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येणार नाही एवढा मोठा. आम्ही तपासलं. आकडा बरोबर होता, पण फाइलमधले निर्देशांक, म्हणजे जागा सांगणारे आकडे, अंशांत असल्यामुळे तो चौरस अंशांत होता. एकक आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून सहायकाने ते अंदाजाने लावलं. तलाव प्रत्यक्षात चार चौरस किलोमीटरहून मोठा निघाला. अहवाल पुढे जाण्याआधी ग्राहकाचा फोन आला म्हणून निभावलं. त्या रात्री आम्हा तिघांनाही झोप लागली नाही.

माणूस टूल वापरतो तेव्हा नकाशा समोर असतो, शंका आली तर शेजारच्याला विचारता येतं. सहायकाच्या हाती तीनच गोष्टी असतात: टूलचं वर्णन, त्याला काय काय द्यायचं त्यांची नावं, आणि टूलने परत दिलेला मजकूर. आम्ही जे लिहिलं नाही, ते त्याच्यापुरतं अस्तित्वातच नाही. हे उमगल्यावर आम्ही सगळं वर्णन नव्याने लिहिलं. आता ते असं सुरू होतं: "फाइल फक्त वाचते, बदलत नाही. क्षेत्रफळ नेहमी चौरस मीटरमध्ये देते. निर्देशांक आधी रेखांश, मग अक्षांश. संदर्भप्रणाली ठाऊक नसेल तर क्षेत्रफळ देत नाही आणि तसं सांगते." संदर्भप्रणाली म्हणजे निर्देशांकांचे आकडे पृथ्वीवर कुठे आणि कोणत्या एककात धरायचे, ते सांगणारा नियम.

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात जास्त वादानंतर ठरलं. जिओजेसनचं २०१६ चं प्रमाण रेखांश आधी लिहायला सांगतं, तर ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या संदर्भप्रणालीच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण अदलाबदल झाली की बिंदू भलत्याच खंडात जाऊन पडतो, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही.

शेपफाइल हे तर स्वतंत्र प्रकरण. नाव एका फाइलचं, पण किमान तीन फाइली एकत्र असाव्या लागतात: एसएचपी (आकृत्या), एसएचएक्स (त्यांची सूची) आणि डीबीएफ (रकाने). संदर्भप्रणाली चौथ्या, पीआरजे फाइलमध्ये. लोक नेमकी एसएचपी तेवढी पाठवतात. आमचा जुना संदेश होता, "फाइल उघडता आली नाही." सहायक तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडत बसायचा. आता संदेश म्हणतो, "सोबतची डीबीएफ नाही. आकृत्या वाचता येतील, रकाने नाहीत. वापरकर्त्याकडे ती फाइल मागा." माझ्या मते चूक झाल्याचं सांगणारा संदेश हे डॉक्युमेंटेशनचं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे, कारण ते अडलेल्या क्षणीच वाचलं जातं.

डीबीएफमध्ये रकान्याच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजीत 'पॉप्युलेशन' लिहिलं की १० अक्षरं तिथेच संपतात आणि पुढे जोडलेलं जनगणनेचं साल गळून पडतं. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहिलंय: नाव तुटलेलं असू शकतं, अर्थाचा अंदाज बांधू नका, विचारा. उंचीच्या रास्टरमधल्या, म्हणजे चौकटीगणिक उंचीचा आकडा असलेल्या फाइलमधल्या, उणे ९९९९ चंही तसंच. ती खोल दरी नव्हे, तिथे मोजमापच नाही. सरासरी काढताना ते वगळलेलं आहे, हेही आम्ही उत्तरातच सांगतो.

आता कोडसारखीच वर्णनाचीही चाचणी घेतो. मुद्दाम बिघडवलेल्या फाइली सहायकाला द्यायच्या, साधे प्रश्न विचारायचे आणि तो कुठे घसरतो ते पाहायचं. घसरला की आधी आमचं वाक्य तपासायचं. कितीदा तरी एक शब्द बदलल्यावर उत्तर सुधारलंय.

सध्या लिडारच्या, म्हणजे लेझरने केलेल्या मोजणीच्या, लास फाइली हाती घेतल्या आहेत. एकेका फाइलमध्ये कोट्यवधी बिंदू, ते सगळे सहायकापुढे ओतणं शक्यच नाही. वर्णनाचं पहिलं वाक्य लिहून झालंय: "बिंदू देत नाही, बिंदूंचा गोषवारा देते, उंचीचं एकक उत्तरात लिहिलेलं असतं." कोड सोमवारी सुरू करतोय.