दातांच्या तारांचा क्लेम नाकारला, तर उत्तर मिलिमीटरमध्ये द्या

अमेरिकेत मुलाच्या दातांना तारा बसवायच्या म्हणजे चार-सहा हजार डॉलर सहज लागतात. आपल्याकडे डॉक्टरांशी खर्च ठरवून हप्त्यांनी पैसे देता येतात. इथे मध्ये विमा कंपनी असते आणि तिचं पहिलं उत्तर पुष्कळदा नकाराचं असतं. चिडून पत्र लिहायच्या आधी त्या नकाराचं कारण शब्दन्‌शब्द वाचा, कारण प्रत्येक नकार लढवण्यासारखा नसतो.

पॉलिसीत ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याचे उपचार) मुळातच वगळलेलं असेल किंवा त्यासाठी कंपनी देणार असलेल्या पैशांची आयुष्यभराची मर्यादा संपली असेल, तर अपिलात काही हाती लागत नाही. भारतात तारा लावून मूल इकडे येणार असेल, तर चालू उपचारांचे पैसे मिळतील का हे आधीच लेखी विचारा. पुष्कळ प्लॅन ते नाकारतात. लढायचं ते 'वैद्यकीय गरज नाही, केवळ दिसण्यासाठी' या कारणाशी.

इथे पालक हमखास चुकतात. मूल हसताना तोंड झाकतं, शाळेत चिडवतात, असं मनापासून लिहितात. ते खरंच असतं, पण त्याला गुण नसतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी मेडि-कॅल योजनेत एचएलडी नावाची गुणपत्रिका वापरतात आणि मंजुरीला 26 गुण लागतात. वरचे दात किती पुढे आले आहेत आणि खालच्या दातांवर किती उतरतात, त्याच्या प्रत्येक मिलिमीटरला 1 गुण मिळतो. समोरचे दात मिटतच नसतील, तर त्या फटीच्या मिलिमीटरला 4 ने गुणतात. पुढच्या दातांच्या दाटीला प्रत्येक जबड्यामागे 5 गुण आणि एका बाजूच्या दाढांच्या उलट्या चाव्याला (वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर नीट न बसता आतबाहेर बसणं) 4.

समजा, वरचे दात 6 मिमी पुढे आणि खालच्यांवर 5 मिमी उतरलेले, दोन्ही जबड्यांत दाटी आणि दाढांचा उलटा चावा आहे. बेरीज 25 होते, म्हणजे नामंजूर. पण पुढचे दात ओळीच्या आतबाहेर किती सरकले आहेत, तो रकाना रिकामाच राहिला असेल, तर तिथले 3 मिमी धरून 28 होतात. म्हणून गुणपत्रिकेची प्रत मागून घ्या आणि डॉक्टरांसोबत प्रत्येक रकाना पुन्हा तपासा. दुभंगलेली टाळू, 9 मिमीपेक्षा जास्त पुढे आलेले दात किंवा खालच्या दातांनी टाळूला जखम होत असेल, तर गुण मोजावेच लागत नाहीत. मात्र जखमेचा स्पष्ट पुरावा हवा. राज्याराज्यांत निकष वेगळे आहेत आणि खासगी कंपन्यांचेही. तुमच्या प्रकरणात कोणता लावला, हे लेखी मागा.

नोकरीतून मिळालेल्या प्लॅनला बहुधा 1974 चा इरिसा कायदा (कंपन्यांनी नोकरदारांना दिलेल्या विमा-पेन्शनसारख्या लाभांचा केंद्रीय कायदा) लागू असतो. नकार मिळाल्यापासून अपिलाला 180 दिवस मिळतात. क्लेमची पूर्ण फाइल विनामूल्य मागता येते. अपील तपासणारा माणूस आधी नकार देणारा किंवा त्याच्या हाताखालचा चालत नाही. वैद्यकीय गरजेचा प्रश्न असेल, तर त्या विषयातल्या तज्ज्ञाचा सल्लाही कंपनीला घ्यावा लागतो. मुलांच्या दातांचा विमा आरोग्य विम्यातच असेल, तर अंतिम नकारानंतर 4 महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते. वेगळ्या डेंटल प्लॅनला ही सोय बहुधा नसते.

पत्र डॉक्टरांचं हवं आणि एका पानात आटोपणारं. नकारातलं वाक्य उद्धृत करायचं आणि खाली मोजमापं, चावण्यातली किंवा बोलण्यातली अडचण, हिरड्यांची स्थिती, उपचार न केल्यास कोणत्या दाताचं काय होईल, हे लिहायचं. सोबत दोन्ही एक्स-रे (जबड्याचा पूर्ण आणि डोक्याचा बाजूने काढलेला), तोंडाच्या आतले-बाहेरचे फोटो आणि दातांचे साचे किंवा स्कॅन. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका. रजिस्टर्ड टपालाने किंवा पोर्टलवरून पाठवा आणि पोच जपून ठेवा.

निकाल येईपर्यंत, डॉक्टरांच्या मते थांबणं धोक्याचं नसेल, तर तारा लावू नका. एकदा दात सरकले की मूळ मोजमाप पुन्हा घेता येत नाही. लगेच लावाव्याच लागल्या, तर आदल्या दिवशीचे फोटो, एक्स-रे आणि स्कॅन तारखेसह स्वतःकडे घेऊन ठेवा.