तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर फुकट आहे, मग कोर्स कशाला?

हा प्रश्न मला सारखा येतो, बहुतेक वेळा पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या कुणाकडून. डीएनएवरून प्रजातींची वंशावळ, म्हणजे ‘ट्री’, काढणारी आणि तपासणारी मिस्टरबेज, पॅमल, आयक्यू-ट्री ही सॉफ्टवेअर सगळी फुकट मिळतात, मॅन्युअल आहेत, व्हिडिओ आहेत, मग उन्हाळ्यात लॅब सोडून मॉलिक्युलर इव्होल्यूशनच्या (डीएनए-प्रथिनांतून उत्क्रांती वाचण्याच्या) कोर्सला कशाला जायचं?

खरं सांगू का, मी गेले तेव्हा माझंही हेच मत होतं. माझा ट्री तयार होता, जवळजवळ सगळ्या फांद्यांवर बूटस्ट्रॅप (डेटा परत परत उचलून बघितला तर तीच फांदी शंभरात किती वेळा येते तो आकडा) ९५च्या वर, आणि मला फक्त मेथड्सचा परिच्छेद धड लिहिता यावा एवढंच हवं होतं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच दिला नाही. कागद-पेन्सिल. दोन डीएनए सिक्वेन्स, १०० जागा, म्हणजे १०० अक्षरं, त्यातल्या ३० वेगळ्या, तर दोघांतलं अंतर किती, म्हणजे दर जागेमागे किती बदल झाले? मी पटकन ०.३० म्हणाले. ज्यूक्स-कँटरच्या १९६९च्या सूत्रात घातलं तर ०.३८ येतं, कारण एकाच जागी दोनदा बदल झाला तरी आपल्याला फार तर एकच दिसतो, आणि ‘ए’ या अक्षराचा ‘जी’ होऊन परत ‘ए’ झाला तर काहीच दिसत नाही. सूत्र मला पाठ होतं हो, पण हे वरचे ०.०८ म्हणजे पुसले गेलेले बदल आहेत हे तोवर डोक्यात शिरलंच नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ. कॉम्प्युटरवर बनवलेला डेटा दिला, फक्त चार प्रजाती, खरा ट्री कुठला ते आधीच माहीत, त्यात दोन फांद्या लांबलचक (म्हणजे त्यांच्यावर खूप बदल झालेले) पण एकमेकींच्या सख्ख्या नाहीत. पार्सिमनी, म्हणजे कमीत कमी बदलांत बसणारा ट्री निवडणारी पद्धत, चालवा म्हणाले. ५०० जागा घेतल्या, दोन्ही लांब फांद्या शेजारी आल्या, म्हणजे चूक. मला वाटलं डेटा कमी पडला, म्हणून ५,००० घेतल्या, मग ५०,०००, तरी तीच चूक, फक्त बूटस्ट्रॅप चढत चढत १००. या विषयातले संशोधक जो फेल्सनस्टाइन यांनी हे १९७८ सालीच दाखवून ठेवलंय आणि मी ते पेपरांत सायटही केलं होतं (न वाचता, आता कबूल करायला काय जातंय). तोच डेटा योग्य मॉडेल (बदल कसे होतात याचं गणित) घेऊन लाइकलीहूडने, म्हणजे कुठल्या ट्रीवर हा डेटा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त हे बघणाऱ्या पद्धतीने, चालवला तर जागा वाढल्या तसा खरा ट्री आला. बूटस्ट्रॅप आपल्याच डेटातल्या जागा परत परत उचलून बघतो की उत्तर तेच येतंय का, ते खरं आहे का हे तो विचारतच नाही. पद्धतच एका बाजूला झुकलेली असेल तर तो बिचारा काय करणार.

रात्री खोलीवर येऊन माझा ट्री उघडला. दोन लांब फांद्या, शेजारी शेजारी, वर ९८. झोप गेली.

मॅन्युअलमध्ये कमांड असते, पण तुमच्या ट्रीकडे बघून ‘ही फांदी एवढी लांब का?’ असं विचारणारं कुणी नसतं. अमेरिकेत वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत १९८८पासून अशी कार्यशाळा चालते, तिथे तर ज्यांनी प्रोग्रॅम लिहिले त्यांच्यातलेच काही जण शिकवत आलेत. पण माझ्या मते शिकवणाऱ्यांइतकाच उपयोग शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा होतो, कारण त्याचाही ट्री कुठेतरी फसलेला असतो आणि जेवताना तो ते सांगतो.

फक्त कमांड शिकायच्या असतील तर नका जाऊ, वेळ वाया जाईल. जाणार असाल तर स्वतःचा डेटा न्या, त्यातही जो बघायचं तुम्ही टाळताय तो.

माझं पुढे काय झालं? जागांचे वेग वेगवेगळे धरणारं मॉडेल लावलं, मधल्या दोन प्रजाती आणखी घेतल्या, आणि ती जोडी फुटली. पेपर सात महिने उशिरा गेला, गाईड वैतागले, आणि त्या जागी आता ९८ऐवजी ६१ छापलंय.