थापट्याची चोच

धानाची कापणी आटोपून बांध्या रिकाम्या झाल्या, की भंडारा-गोंदियाकडच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांवर पाहुणी बदके उतरू लागतात, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून पाहिले तर दिवसाचा बराच वेळ ती माना खाली घालून काहीतरी खाताना दिसतात. काय खातात, असे आमच्या गावातल्या जाळे टाकणाऱ्या काकांना विचारले, तेव्हा त्यांनी, "चिखलच खाते जी, दुसरं का खाईल?" असा निकाल देऊन टाकला. हा निकाल पुष्कळसा खरा आहे. चिखल तोंडात जातो आणि बहुतेक सगळा बाहेरही पडतो. मधल्या मध्ये जे अडकते, त्यावर बदकाचे पोट भरते.

अडकवण्याची सोय चोचीतच असते. वरच्या आणि खालच्या चोचीच्या कडांना आतून पातळ पट्ट्यांची रांग असते. बदक जीभ मागेपुढे करून पाणी आत ओढते व कडांमधून बाहेर ढकलते, आणि बी, अळी, गोगलगाईचे पिल्लू असे काही असेल तर ते आत राहते. थोडक्यात, चोच ही चाळणी आहे, आणि प्रत्येक जातीच्या चाळणीची भोके वेगळी. थापट्या नावाच्या बदकाची सर्वांत बारीक. चार्ल्स डार्विनने उत्क्रांतीवरील आपल्या ग्रंथाच्या १८७२ च्या आवृत्तीत या चोचीची तुलना देवमाशाच्या तोंडाशी केली आहे. त्याने तपासलेल्या थापट्याच्या वरच्या चोचीत एकेका बाजूला १८८ पट्ट्या होत्या, तर साध्या बदकाच्या चोचीत सुमारे ५०. थापट्या पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून ती डावी-उजवीकडे फिरवत सरळ पुढे जातो, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव गोळा करतो.

मग सगळ्यांनाच अशी बारीक चोच का नाही? कारण बारीक जाळीत खाद्याबरोबर काडीकचराही अडकतो, आणि गढूळ, कुजलेल्या पाण्यात तो वेगळा करण्यातच वेळ जातो. जाड जाळीत कचरा निसटतो, पण त्याबरोबर लहान बीही निसटते. म्हणून इवलासा चक्रांग बारीक बियांवर भागवतो आणि जाड पट्ट्यांची मोठी बदके जाड दाणे टिपतात. अर्थात, खाद्य मुबलक असेल तेव्हा ही वाटणी फारशी कोणी पाळत नाही. मानेचाही वाटा आहेच: चक्रांगाला वीतभर पाणी पुरते, तर लांब मानेचे तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून त्याच्याहून खोल तळ चाचपते.

बुडी मारणाऱ्या शेंडी बदकाची गोष्ट मला अधिक गमतीची वाटते. मोठा शिंपला म्हणजे मोठा घास, असे आपल्याला वाटते. पण नेदरलँड्समधल्या अभ्यासांत ही बदके लहान शिंपल्यांना पसंती देताना आढळली. लहान शिंपले पाण्याच्या ओढीबरोबर भराभर तोंडात येतात, मोठे मात्र एकेक करून उचलावे लागतात. शिवाय शिंपला कवचासकट गिळायचा असतो आणि ते कवच पोट्यात भरडायचे असते. कोंबडी साफ करताना हातात येतो, तोच हा जाड स्नायूंचा पोटा. मोठा शिंपला खाण्यात जाणारा वेळ धरला, तर लहानच परवडतो. आमच्याकडचे व्यापारीही असाच हिशेब करतात, फक्त ते तो बोलून दाखवत नाहीत.

पावसाळ्यात इथेच घरटी करणाऱ्या हळदी-कुंकू बदकाच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे मुख्यतः किडे आणि अळ्या लागतात, कारण वाढीला प्रथिने हवीत. दाणे आणि हिरवा पाला नंतर. अडई मात्र रात्री धानाच्या बांधीत उतरते, आणि त्याबद्दल तिला शिव्याही बसतात.

या सगळ्या चोचींना आणि मानांना वेगवेगळ्या खोलीचे पाणी लागते. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधलेल्या जुन्या तलावांत ते असायचे, कारण पाळीकडे खोल असलेले पाणी समोरच्या बाजूला हळूहळू उथळ होत जात असे आणि त्या उथळ पट्ट्यात देवधान, म्हणजे रानटी धान, उगवे. आता काही ठिकाणी तिथे बेशरमची झुडपे माजली आहेत, आणि काही ठिकाणी खोलीकरणाच्या नावाखाली यंत्राने काठ सरळसोट कापले जातात. अशा तलावात पाणी जास्त मावते हे खरे, आणि उन्हाळ्यात त्याची गरजही आहे. पण चक्रांगाला तिथे पाय टेकायला जागा उरत नाही. गाळ पाळीच्या बाजूने काढून समोरचा उतार तसाच ठेवला, तर तलावात पाणीही मावेल आणि बदकांचेही भागेल, असे मी ग्रामसभेत बोलून पाहिले आहे.