नेदरलँड्समधली माझी सायकल आणि विम्याच्या दोन किल्ल्या

आइंडहोवनला नव्याने आलेलं कुणी मराठी भेटलं की मी आधी हेच सांगते. सायकल घेतलीत की कुलपाच्या दोन्ही किल्ल्या पावतीवर ठेवून फोटो काढा. किल्लीवर कोरलेला नंबर फोटोत वाचता आला पाहिजे. सायकलच्या फ्रेमवरच्या नंबराचाही एक फोटो घ्या. मग खुशाल चालवायला काढा. चालवायचं कसं, हे रस्ताच शिकवतो.

मी सांगलीची. शाळा, क्लास, कॉलेज, कृष्णेपलीकडच्या मावशीचं घर, सगळं सायकलवर झालेलं. त्यामुळे भीती अशी नव्हतीच. हाताला आणि नजरेला उजव्या बाजूची सवय लावायला थोडे दिवस गेले, खास करून डावीकडे वळताना. पायाला मात्र जास्त वेळ लागला. इथल्या साध्या सायकलींना बहुतेक वेळा हातात ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपल्याकडे उतारावर रिकामं पॅडल मागे फिरवत जायची सवय असते, ते इथे चालत नाही. गर्दीत जायच्या आधी रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या गल्लीत तासभर फक्त थांबण्याचा सराव करावा.

चौकातला नियमही आधीच समजून घ्या. खुणा नसतील तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि 2001 च्या मे महिन्यापासून यात सायकलवालाही आला. म्हणजे तुम्ही उजवीकडून येत असाल तर मोटार तुमच्यासाठी थांबते. आणि ती खरंच थांबते! मला हे पटायला वेळ लागला, मी उगाच ब्रेक मारून मागच्यांचा खोळंबा करायचे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर मात्र थांबायचं तुम्ही.

हे सगळं अंगवळणी पडलं आणि मला सायकल इतकी आवडायला लागली की शेजारच्या फेल्डहोवनला मैत्रिणीकडे जाताना मी मुद्दाम होवनरिंगवरून जायचे. मोठ्या चौकाच्या वर तारांनी टांगलेला, फक्त सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी बांधलेला गोल पूल, मध्ये 70 मीटर उंचीचा खांब. 2012 साली खुला झाला. खाली मोटारी आणि वर आपण.

मग स्टेशनबाहेरून सायकल चोरीला गेली. रॅकमध्ये होती, मागच्या चाकाचं कुलूप लावलेलं, वर साखळीने रॅकला बांधलेली. चोरांनी साखळी कापली आणि सायकल बहुधा उचलूनच नेली.

पोलिसांचं काम झटपट झालं. डिजिडी, म्हणजे इथल्या सरकारी कामांसाठीचं ऑनलाइन लॉगिन, असेल तर तक्रार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. फ्रेम नंबर दिला की सायकल देशाच्या चोरीच्या नोंदवहीत जाते. (डिजिडीचा अर्ज इथला नागरिक क्रमांक हातात पडला त्याच दिवशी करून टाका. त्याचा कोड टपालाने घरच्या पत्त्यावर येतो, आणि सायकल गेल्यावर टपालाची वाट बघत बसणं फार जिवावर येतं.)

अडकलं ते विम्यात. सायकल नवी होती, दुकानातच चोरीचा विमा काढला होता, हप्ता भरलेला होता. पावती, पोलिसांचा तक्रार क्रमांक, साखळीची आणि कुलपाची माहिती, सगळं मी त्याच संध्याकाळी भरलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची मेल आली: कुलपाच्या दोन्ही मूळ किल्ल्या रजिस्टर टपालाने पाठवा, त्याशिवाय क्लेम पुढे जाणार नाही.

एक किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुसरी नवऱ्याच्या जुडग्यात, आणि नवरा ऑफिसच्या कामासाठी पुण्यात. शनिवारी बाजाराला तोच ती सायकल न्यायचा, त्यामुळे किल्ली त्याच्याकडे असण्यात काहीच वावगं नव्हतं. एका घरात दोघं सायकल चालवत असतील तर दोन किल्ल्या दोघांकडे असणारच. मी कंपनीला फोन करून हे सांगितलं. बाई अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, दोन्ही किल्ल्या लागतील. मी म्हटलं, तो व्हिडिओवर किल्ली दाखवतो, नंबर वाचून दाखवतो. नाही, किल्लीच लागेल. मग एक पाठवते आणि दुसरी तो परत आल्यावर देते? दोन्ही एकत्रच लागतील.

नियमामागचं कारण मला कळतं. किल्ली कुलपातच विसरून सायकल गेली असेल, तर दोन किल्ल्या कुठून आणणार? पण ज्याच्याकडे दोन्ही आहेत, फक्त एक दुसऱ्या देशात आहे, त्याच्यासाठी कंपनीकडे काही सोय नसावी, याचा मला अजून राग येतो. हप्ता घेताना कुणी किल्लीचा विषय काढला नव्हता. तो पॉलिसीच्या बारीक अक्षरात होता, आणि तेही डचमध्ये.

नवऱ्याने पुण्याहून कुरियर केलं. ते वाटेत कुठेतरी पडून राहिलं. रोज सकाळी मी ट्रॅकिंग बघायची आणि रोज तीच ओळ. इकडे कंपनीची आठवण करून देणारी मेल, की मुदत संपत आली आहे. मी मुदत वाढवून मागितली, लेखी. ती मिळाली. इथे लेखी मागितलेलं मिळतं, हे लक्षात ठेवा. फोनवरचं बोलणं हवेत जातं.

किल्ली आली. जाड कागदात गुंडाळून, दोन्ही एकत्र, रजिस्टर टपालाने पाठवल्या. साध्या पाकिटात किल्ली घालू नका, पाकीट फाटून ती बाहेर पडते. मग कंपनीचं उत्तर आलं: दोन किल्ल्या दिसायला सारख्या नाहीत, एक नंतर बनवून घेतलेली वाटते.

आता मात्र माझं डोकं फिरलं. त्या कुलपासोबत एक साधी किल्ली मिळते आणि एक दुमडणारी, खिशात टोचू नये म्हणून. दोन्हींवर नंबर तोच. दुकानात गेले. दुकानदार आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं, तसलंच नवं कुलूप उघडून दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या, त्यांचा फोटो काढला आणि कंपनीला स्वतः चार ओळींची मेल लिहिली. दोन दिवसांत क्लेम मंजूर. त्या आजोबांचे उपकार मी विसरणार नाही. सायकल मोठ्या दुकानातून स्वस्तात घेण्यापेक्षा गल्लीतल्या दुकानातून घ्या असं मी सांगते ते याच्यामुळे.

आमच्या पॉलिसीत रोख पैसे मिळत नाहीत, त्याच दुकानातून तशीच सायकल मिळते. नव्या सायकलची एक किल्ली आता पासपोर्टच्या फाइलमध्ये असते आणि तिथून हलत नाही. शनिवारी बाजाराला जाताना नवरा माझ्याकडून मागून घेतो.

मधल्या काळात स्टेशनवरची निळ्या-पिवळ्या रंगाची भाड्याची सायकल, ओव्ही-फीट्स, कामी आली. त्यासाठी स्वतःच्या नावाचं प्रवासकार्ड लागतं, ते आल्या-आल्याच काढून ठेवा. रोज ऑफिसला जायचं असेल तर भाडं साठत जातं, तेव्हा महिन्याच्या बोलीवरची सायकल परवडते.

दिवे राहिलेच सांगायचे. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड होतो, आणि हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारून येतं. मोबाइल हातात धरून चालवण्यावर 2019 च्या जुलैपासून बंदी आहे, रस्ता बघायचा असेल तर तो हँडलला अडकवा. छत्री नको, वाऱ्यात तिचा उपयोग शून्य. पँटसकट रेनकोट घ्या.

आणि जुनी सायकल घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी फ्रेम नंबर मागा आणि चोरीच्या नोंदवहीत ऑनलाइन तपासा. नंबर खरवडलेला असेल, किंवा विकणारा दुसरी किल्ली देत नसेल, तर कितीही स्वस्त असली तरी ती सायकल घेऊ नका. ती माझ्यासारख्याच कुणाची तरी असणार, आणि चोरीचा माल घेणं हा इथे गुन्हा आहे.