६१७४ आणि सांडलेले शून्य

नववीत असताना आमच्या गणिताच्या सरांनी एकदा प्रत्येकाला मनाला येईल ती चार अंकी संख्या घ्यायला सांगितली. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट होती. त्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. निपाणीच्या तंबाखू वखारीची एक पावती माझ्या दप्तरात होती, तिच्यावरचा १११२ हा क्रमांक मी घेतला. २१११ मधून १११२ गेल्यावर ९९९ उरले आणि ९९९ मधून ९९९ गेल्यावर काहीच उरले नाही. इतर मुले एकामागून एक ६१७४ वर पोचत असताना मी मात्र रिकाम्या हाताने बसलो होतो.

सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "पुढचं शून्य कुठं सांडलंस रे?" चार अंकांचा खेळ असल्याने ९९९ हे ०९९९ असेच धरायचे होते. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, नंतर ८५३२ आणि अखेर ६१७४. तेथून पुढे हलताच येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येतात. ही गंमत देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये गणितज्ञांसमोर मांडली होती, हे सरांनी सांगितले तेव्हा शाळामास्तरही असे काही शोधू शकतो याचे मला विशेष वाटले.

पण सर चमत्कारावर थांबणारे नव्हते. अंक उतरत्या क्रमाने मांडले, तर वजाबाकीचे उत्तर पहिल्या व चौथ्या अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट यांच्या बेरजेइतके असते. म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर हजारो संख्यांची जागा या दोन फरकांच्या अवघ्या ५४ जोड्या घेतात. त्या ५४ जोड्या त्यांनी बाकांवर वाटून दिल्या आणि तास संपण्याआधी, कोणालाही सातपेक्षा अधिक वजाबाक्या लागत नाहीत, हे वर्गाने स्वतःच पडताळले. (६१७४ ला त्याच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भागल्यास ३४३, म्हणजे ७ चा घन, मिळतो, हे मात्र मला पुष्कळ वर्षांनी कळले.)

तीन अंकांत ४९५ सापडतात, तेव्हा पाच अंकांतही असा एखादा मुक्काम असणारच, या खात्रीने मे महिन्याच्या सुट्टीत मी एक अख्खी वही भरली. एके दिवशी ६१९७४ ही संख्या आली. ६१७४ च्या पोटात ९ बसलेला पाहून मी हुरळलो. परंतु पुढे ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४, असा तिचा घाण्याच्या बैलासारखा फेरा सुरू झाला. पाच अंकांत असा मुक्काम नाहीच, हे सरांना ठाऊक होते. तरीही जूनमध्ये त्यांनी ती वही पहिल्या पानापासून तपासली आणि दोन ठिकाणी हातचा चुकल्याची तांबडी खूण केली.